डाग, लेप आणि हरताळ : जुन्या खेळण्यातल्या रेल्वेच्या निमित्ताने

मराठीत ‘हरताळ फासणे’ असा एक वाक्प्रचार आहे. केलेल्या कामावर पाणी फिरवणे, एखादे तत्त्व सोयीस्करपणे पुसून टाकणे, असा त्याचा अर्थ आपण आज घेतो. त्याचा उगम मात्र लेखनिकाच्या बैठकीत आहे. पोथी लिहिताना अक्षर चुकले की त्यावर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप द्यायचा आणि तो वाळला की त्यावर नवे अक्षर लिहायचे, अशी रीत होती. पिवळसर कागदावर पिवळा लेप चटकन दिसत नसे. पोथीचा अभ्यासक मात्र आज नेमका त्या लेपापाशी थांबतो. खाली काय होते, ते का बदलले, बदलणारा हात मूळ लेखनिकाचा की नंतरच्या कोणाचा, हे प्रश्न त्याला महत्त्वाचे वाटतात. लेखनिकाला जे झाकायचे होते, तेच अभ्यासकाचे साधन ठरते.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता फार किरकोळ आहे. जुन्या खेळण्यातल्या रेल्वेबरोबर येणारे सिग्नल, फलाट, दिव्याचे खांब, हमाल आणि गार्ड यांच्या चिमुकल्या मूर्ती यांवर पडलेले परक्या रंगाचे शिंतोडे कसे काढावेत, हा तो विषय. परंतु डाग कशाला म्हणावे आणि तो पुसण्याचा अधिकार कुठे संपतो, हा प्रश्न वस्तू लहान असल्याने लहान होत नाही. शिवाय खानदेशातल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. ते अजिंठ्याच्या भिंतीवर लिहिलेले आहे.

आधी या वस्तूंचा इतिहास थोडक्यात पाहू. जर्मनीतील मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांवर चालणारी खेळण्यातली गाडी मांडली. तोवर खेळण्यातले इंजिन ही एक सुटी वस्तू होती. आता रूळ, डबे, स्टेशन, फाटक असे एकेक जोडत जाता येईल अशी रचना अस्तित्वात आली. मुलाला इंजिन एकदाच मिळे, पण पुढची कित्येक वर्षे वाढदिवसाला एखादा सिग्नल, नाताळात एखादे फाटक असे त्याचे जग वाढत जाई. इंग्लंडात मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कारखान्याने १९२० मध्ये हॉर्नबी गाड्या बाजारात आणल्या. त्यांच्याबरोबर दुधाचे कॅन, प्रवाशांच्या ट्रंका, दिव्याचे खांब, बोगदे आणि फलाट आले. १९३३ मध्ये याच कारखान्याने रेल्वेच्या मांडणीत ठेवण्यासाठी छोट्या मोटारगाड्या ओतून काढल्या. पुढे ‘डिंकी टॉइज’ या नावाने जगभर गाजलेल्या मोटारींचा जन्म असा रेल्वेचा एक पूरक जिन्नस म्हणून झाला, हे अनेकांना ठाऊक नसते.

ही खेळणी मुंबईच्या मोठ्या दुकानांतून हिंदुस्थानात विकत मिळत. ती परवडत मात्र थोड्यांनाच. साहेबांच्या घरी, संस्थानिकांच्या वाड्यांत, सधन व्यापाऱ्यांकडे आणि रेल्वेतील वरच्या हुद्द्यांवरच्या कुटुंबांत ती आली. खानदेशाचा आधुनिक इतिहास रेल्वेशी असा जखडलेला आहे की इथे या खेळण्यांना एक वेगळा अर्थ येतो. १८६० च्या दशकात जी. आय. पी. रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव असे करत भुसावळला पोहोचली आणि भुसावळ हे रेल्वेने घडवलेले गाव झाले. १९०० मध्ये चाळीसगावहून धुळ्याला फाटा गेला. पाचोरा ते जामनेर ही अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी सुमारे शंभर वर्षे धावून मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. भुसावळच्या वसाहतीतली बरीच अँग्लो-इंडियन कुटुंबे स्वातंत्र्यानंतर इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून गेली. अशी कुटुंबे जातात तेव्हा मुलांची जड खेळणी मागे राहतात आणि हातोहात फिरत राहतात. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आयातीवर निर्बंध आले. त्यानंतर मागे राहिलेल्या वस्तूंत भर पडणे जवळपास थांबले.

इंजिन जड आणि देखणे असते, म्हणून ते जपले जाते, काचेच्या कपाटात बसते. पुण्यात कर्वे रस्त्यावर १९९८ पासून असलेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल त्यांच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली असेल. पाहणाऱ्याची नजर गाडीबरोबर धावते, पण रेंगाळते ती गाडीच्या भोवतालावर, सिग्नलवर, फलाटावरच्या माणसांवर, रस्त्यावरच्या वर्दळीवर. गाडीला जग मिळते ते या किरकोळ वस्तूंमुळे. आणि नेमक्या त्याच वस्तू घराच्या पोटमाळ्यावर, माजघरातल्या कोनाड्यात किंवा उघड्या फडताळात पडून राहतात.

तिथे त्यांच्यावर काय बेतते हे सांगायला नको. आपल्याकडे दिवाळीपूर्वी घराला रंग देण्याची प्रथा आहे. सामान हलवायचा कंटाळा असतो, वर एखादे जुने धोतर टाकले जाते आणि रंगाऱ्याचा कुंचला छतावर फिरू लागतो. आधीच्या पिढीत चुन्याची सफेदी, मग डिस्टेंपर, त्यानंतर दारे-खिडक्यांचा ऑइलपेंट आणि अलीकडचा प्लॅस्टिक पेंट असा क्रम घरोघरी झाला. त्यामुळे फडताळातल्या एखाद्या पत्र्याच्या सिग्नलवरचे शिंतोडे म्हणजे त्या घराच्या भिंतींची वंशावळच असते. पांढरा ठिपका चुन्याचा, फिकट निळा डिस्टेंपरचा, चकचकीत हिरवा दाराच्या ऑइलपेंटचा. हे ठिपके काढायला बसणाऱ्याने प्रथम त्यांची ही ओळख करून घ्यायला हवी, कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

या टप्प्यावर आपण अजिंठ्याकडे वळू. जळगावहून साठेक किलोमीटरवर, जुन्या खानदेश जिल्ह्याची हद्द संपून निजामाचे राज्य सुरू होई तिथे या गुंफा आहेत. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या नादात तिथे पोहोचला आणि दहाव्या गुंफेतल्या एका रंगवलेल्या खांबावर त्याने आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली. चित्रावर झालेला हा नि:संशय अत्याचार. तो पाहून आजही पाहणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. पण ते नाव आज माणसाच्या डोळ्यांच्या बऱ्याच वर दिसते. याचे कारण स्मिथ त्या वेळी गुंफेत साचलेल्या ढिगाऱ्यावर उभा होता. म्हणजे गुंफा सापडली तेव्हा तिच्यात किती उंच गाळ होता याची मोजपट्टी त्या ओरखड्याने आपल्यासाठी ठेवली आहे. तो पुसला असता तर चित्र पूर्ववत झाले नसतेच, एक पुरावा तेवढा नाहीसा झाला असता.

पुढे १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याला चित्रांच्या नकला करण्याच्या कामी नेमले. त्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर आपल्या भुसावळलाच आहे. त्याच्यामागून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांसह तिथे काम करू लागले. धूर आणि धूळ यांनी मंदावलेली चित्रे नकलेसाठी स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निशचा हात फिरवला गेला. ओला दगड जसा उजळ दिसतो तशी चित्रे उजळली. उजळली हे खरे, पण काही काळापुरतीच.

त्यानंतर निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी यांच्या पुढाकाराने, लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओरसिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटू लागलेला गिलावा जागच्या जागी पक्का केला. ही त्यांची कामगिरी मोठी आहे आणि तिच्यामुळे कितीतरी चित्रे वाचली. पण त्यांनीही संरक्षणासाठी चित्रांवर लाखेचा लेप दिला. आपल्या सुतारांच्या बोलीत सांगायचे तर चपड्याचे पॉलिश. लाख ताजी असताना पारदर्शक असते, जुनी होता होता ती पिवळी, मग तपकिरी होते. तिच्यात धूळ आणि काजळी अडकते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जी लाख ताजेपणी स्पिरिटात सहज विरघळते, ती जुनी झाल्यावर तितक्या सहज विरघळत नाही. अजिंठ्याची चित्रे ओल्या गिलाव्यावर काढलेली नाहीत. कोरड्या पृष्ठभागावर डिंक-सरसासारख्या बांधणीने रंग बसवलेले आहेत. त्यामुळे पाण्याचेही भय. वरचा लेप हट्टी आणि खालचा रंग हळवा, अशी ही कोंडी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना हा लेप बोटाएवढ्या जागेत चाचणी घेत, तसूतसूने काढावा लागला आहे. नव्वदीच्या अखेरीस हाती घेतलेल्या मोठ्या मोहिमेनंतर नवव्या-दहाव्या गुंफांतली कित्येक चित्रे पुन्हा डोळ्यांना दिसू लागली.

या इतिहासातून तीन सूत्रे हाती लागतात. पहिले, डागापेक्षा डाग काढणारा अधिक नुकसान करू शकतो. दुसरे, वरचा थर विरघळेल पण खालचा विरघळणार नाही असे द्रव्य शोधणे, एवढेच या विद्येचे सार आहे. तिसरे, वस्तू चटकन उजळवणाऱ्या उपायावर विश्वास ठेवू नये. दीड हजार वर्षांच्या चित्राला लागू असलेली ही सूत्रे नव्वद वर्षांच्या पत्र्याच्या सिग्नललाही तंतोतंत लागू पडतात.

तेव्हा डागाच्या आधी खालचा थर ओळखायचा. युद्धपूर्व काळातल्या बहुतेक वस्तू कल्हई केलेल्या पत्र्याच्या असतात. त्यांवर रंग दोन प्रकारे चढवलेला असतो. एक, फवारलेला किंवा बुडवून दिलेला इनॅमल. दुसरा, छापील. सपाट पत्र्यावर विटांच्या भिंती, खिडक्या, जाहिराती, स्टेशनाचे नाव हे सारे शिळाछापाच्या तंत्राने छापायचे, वर व्हार्निशचा पातळ थर द्यायचा आणि मग पत्रा कापून-वाकवून त्याचे स्टेशन करायचे. या छपाईची जाडी कागदावरच्या शाईहून फारशी अधिक नसते. व्हार्निश निघाले की शाई उघडी पडते आणि कापसाच्या एका फटकाऱ्यात स्टेशनाचे नाव बोळ्यावर येते. माणसांच्या मूर्ती बहुधा शिशाच्या असतात. डिंकी जातीच्या वस्तू जस्ताच्या मिश्रधातूच्या. या धातूत शिशाची अल्पशी भेसळ राहून गेली असेल तर तो आतून फुटत जातो, वर भेगा दिसतात आणि अखेर त्याचा चुरा होतो. अशा वस्तूला रंगानेच कसेबसे धरून ठेवलेले असते. तिला भिजवणे म्हणजे तिचा अंत. पन्नाशीनंतरच्या वस्तू प्लॅस्टिकच्या. त्यांवर थिनरचा थेंब पडला तर डागाबरोबर हमालाचा चेहराही वितळतो.

आता शिंतोड्यांकडे. चुन्याचा ठिपका वाळून खडूसारखा दगड झालेला असतो. पाण्यात तो विरघळत नाही. तांब्या-पितळेची भांडी घासण्याच्या सवयीने कोणी चिंच किंवा लिंबू हाती घेईल, पण ते आम्ल चुन्याबरोबर जस्तालाही खाते आणि जिथे कल्हई उडालेली आहे तिथे लोखंडाला गंज चढवते. सुदैवाने गुळगुळीत रंगावर चुन्याची पकड कच्ची असते. भिंगाखाली धरून, दात कोरायच्या लाकडी काडीच्या बोथट टोकाने कडेकडेने हलके दाबले तर तो खपलीसारखा सुटतो. जुन्या पद्धतीचे डिस्टेंपर सरसाने बांधलेले असते. कोमट, शुद्ध पाण्यात जेमतेम ओलावलेल्या कापसाच्या बोळीने ते मऊ होते. काही संग्रहालयांतले कारागीर इथे पाण्याऐवजी स्वतःची लाळ वापरतात हे ऐकून हसू येईल, पण लाळेतल्या पाचक द्रव्यांमुळे ती मवाळ साबणासारखे काम करते आणि हा उपाय अभ्यासाअंती मान्य झालेला आहे. शिशाचे रंग असलेल्या खेळण्यावर मात्र तीच बोळी पुन्हा तोंडात जाऊ देता कामा नये. प्लॅस्टिक पेंट स्पिरिटाने फुगतो आणि मऊ होतो. पण छापील पत्र्यावरचे व्हार्निशही स्पिरिटाला बळी पडू शकते, म्हणून वस्तूच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी, टाचणीच्या डोक्याएवढी चाचणी आधी घ्यायलाच हवी. बोळीवर मूळ रंगाची छटा दिसली की तिथेच थांबायचे.

सर्वात अवघड ऑइलपेंटचा ठिपका. तो खालच्या इनॅमलचा सख्खा भाऊ. त्याला विरघळवणारे द्रव्य खालच्या रंगालाही सोडत नाही. टर्पेंटाइनने वरचा मळ आणि चिकटा जातो, पुरता वाळलेला रंग जात नाही. इथे रसायनाचा नाद सोडून पुन्हा काडी, भिंग आणि सबुरी. ठिपक्याचा उंचवटा थराथराने कमी करत जायचे आणि शेवटचा पातळ पापुद्रा खालच्या रंगाला घट्ट धरून असेल तर तो तसाच राहू द्यायचा. पॉलिशकागद मात्र कधीही नाही. त्या काळच्या रंगांत शिसे असे, आणि त्याची भुकटी श्वासावाटे शरीरात जाणे घातक आहे. काम झाल्यावर हात साबणाने धुणे आणि लहान मुलांना त्या टेबलापासून दूर ठेवणे, ही पथ्ये कुठल्याही सौंदर्यविचाराच्या आधीची आहेत. कॉस्टिक सोड्यात वस्तू बुडवून ‘कोरी करकरीत’ करण्याचा जो उपाय कोणी सुचवतो, तो डाग, रंग आणि काही धातूंच्या बाबतीत वस्तूही, असे सारे एकदमच काढून टाकतो. अजिंठ्यावर लाखेचा हात फिरवण्याची घाई आणि ही घाई एकाच कुळातली.

तंत्राचा भाग इथे संपतो. मात्र खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. समजा, एखाद्या विलायती स्टेशनावरचे छापील ‘विंडसर’ हे नाव कोणी पांढऱ्या रंगाने झाकून त्यावर बालबोध अक्षरांत ‘भुसावळ’ असे लिहिलेले आहे. हा डाग म्हणायचा काय? मूळ वस्तूची किंमत करणारा व्यापारी होय म्हणेल. काळजीपूर्वक काम केले तर वरचा रंग निघेल, खालचे विंडसर चमकेल आणि लिलावात चार पैसे अधिक मिळतील. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्या वस्तूवरची एकमेव दुर्मीळ गोष्ट तीच आहे. विंडसर नाव छापलेली स्टेशने कारखान्याने ढिगांनी काढली. भुसावळ नावाचे स्टेशन एकाच मुलाने केले, आणि परक्या राजाच्या राजवाड्याचे नाव पुसून त्याने आपल्या गावाचे नाव घातले. पारतंत्र्यातल्या एका लहान मुलाची ही कृती कोणत्याही दप्तरात नोंदली जाणार नाही. ती तेवढ्या दोन बोटे रंगातच आहे.

इथे धुळ्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याचा अखेरचा काळ धुळ्यात घालवला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढल्यापासून राजवाड्यांनी महाराष्ट्राला एक गोष्ट शिकवली. रचून, सजवून सांगितलेल्या बखरीपेक्षा रुमालात बांधलेला, कसर लागलेला, डागाळलेला अस्सल कागद श्रेष्ठ. बखर ही इतिहासावर चढवलेली लाख आहे, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरू नये. ती घटना उजळ करते, डोळ्यांना सुखावते आणि काळ जाता जाता खालचे मूळ दिसेनासे करते.

मग शिंतोडे काढूच नयेत काय? असा टोकाचा निष्कर्ष आम्हांला अभिप्रेत नाही. रंगाऱ्याच्या कुंचल्यातून अनवधानाने उडालेला थेंब आणि एखाद्याने हेतुपूर्वक केलेला बदल यांत फरक आहे. पहिल्याच्या मागे मन नसते, दुसऱ्याच्या मागे असते. पहिला काढावा, पण काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, त्याचा रंग आणि जागा टिपून ठेवावी, कारण तो थेंबही ती वस्तू कोणत्या घरात, कोणत्या काळात होती याची साक्ष देत असतो. दुसरा मात्र काढण्याचा अधिकार कोणालाच नाही, असे आम्हांला वाटते. आणि जिथे दोहोंतले नेमके काय हे ठरत नाही, तिथे हात आवरावा. आज न काढलेला डाग उद्या अधिक चांगल्या साधनांनी काढता येतो. आज काढलेला डाग उद्या परत लावता येत नाही.

आपल्याकडे जुन्या वस्तूंबाबत दोनच वृत्ती आढळतात. एक, ती भंगारात देण्याची. दुसरी, तिच्यावर नवा रंग चढवून ती ‘नव्यासारखी’ करण्याची. जीर्णोद्धाराच्या नावाखाली गावोगावच्या काळ्या पाषाणाच्या मंदिरांना ऑइलपेंटचे भडक हात दिले गेले, ते याच दुसऱ्या वृत्तीने. या दोहोंच्या मधली एक वाट आहे. वस्तू जशी आपल्यापर्यंत आली तशी समजून घेणे, तिला पुढचा अपाय होऊ न देणे आणि तिच्यावरचे परके तेवढेच, तेही ओळख पटल्यावर, दूर करणे. ही वाट सावकाश चालण्याची आहे. पत्र्याच्या सिग्नलवर एखादी संध्याकाळ खर्ची घालून चण्याएवढा चुन्याचा ठिपका जो सुटा करतो, त्याला भव्य वारशाबद्दलची भाषणे ऐकण्याची गरज उरत नाही. हात कुठे थांबवायचा, हे त्याच्या बोटांना कळलेले असते.